साडूचे साडेचार तारे

मास्तरांना जगात एकाच माणसाचा हेवा वाटत असे, आणि तो त्यांनी इतक्या निष्ठेने सांभाळला होता की दुसऱ्या कोणाचा हेवा करायला त्यांना सवडच मिळत नसे. शेजाऱ्याने घरावर मजला चढवला, बरोबरचा एक मुलगा न्यायाधीश झाला, सख्ख्या भावाच्या डोक्यावर पन्नाशीतही सगळे केस शाबूत होते. मास्तरांनी या सगळ्यांकडे संताच्या नजरेने पाहिलं. जळत होते ते फक्त साडूवर.

मास्तर म्हणजे मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. स्कूल म्हणजे एक गाळा, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दारात उभी असलेली, छपरावर पाटी लावलेली छोटी गाडी. या गाडीला शेजारच्या सीटसमोरही क्लच आणि ब्रेक बसवलेले होते. मास्तरांचं आजवरचं सगळं कर्तृत्व या जादा पेडलांवर उभं होतं. निम्मं आयुष्य त्यांनी दुसऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग बघत काढलं होतं. त्याचा व्हायचा तो परिणाम पायावर झाला होता. समोर कोणी काही घाईने करायला लागलं, मग तो वाढपी असो की भाषण करणारा पाहुणा, मास्तरांचा उजवा पाय आपोआप जमिनीत रुतायचा. सासरी सगळे त्यांना पाठीमागे ‘ब्रेक मास्तर’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्यासारखं वागण्याची त्यांनी चांगलीच तयारी केली होती.

साडू मोटारींच्या एका मासिकात परीक्षणं लिहायचा. त्यातही स्पोर्ट्‌स गाड्यांची. पानाच्या डोक्यावर त्याचा फोटो असे, हनुवटीखाली मूठ ठेवलेला, जणू डोकं विचारांनी जड झालंय आणि मानेला एकटीला पेलवत नाही. फोटोखाली तारे. पाच तारे म्हणजे घ्याच, तीन म्हणजे शेजाऱ्याला घेऊ द्या.

आता यात हेवा करण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल. तर या माणसाला गाडी मास्तरांनीच शिकवली होती. तेव्हा तो कॉलेजातून नुकताच सुटलेला, चष्मा सारखा वर ढकलणारा पोरगा होता आणि क्लच सोडायचा तो नळ सोडल्यासारखा. लायसनच्या परीक्षेत दोनदा आपटला. मास्तरांची मेहुणी त्या सुट्टीत पावत्या फाडायला टेबलावर बसत असे. पोराची शिकवणी लांबत गेली. मास्तरांनी त्याला चढ शिकवला, उतार शिकवला, दोन खांबांमधून मागे घ्यायला शिकवलं आणि हा मुलगा मुळात गाडी शिकायला येतच नाहीये, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा लग्नाची तारीख ठरली होती. म्हणजे साडूचा गुरूही मास्तरच, आणि नकळत मध्यस्थही मास्तरच. एवढं करून सासरी गाड्यांचा विषय निघाला की सगळ्या माना वळायच्या त्या धाकट्या जावयाकडे. पंखा कोणता घ्यावा हेसुद्धा त्याला विचारत. मास्तरांना कोणी काही विचारत नसे. फार तर म्हणत, “मास्तर, जरा गाडी पुढे घेता का, ह्यांची निघत नाहीये.”

मास्तर ते मासिक घरी लावत नसत. वर्गणी भरणं म्हणजे कबुली देणं. ते लांबच्या एका दुकानातून विकत आणत, वर्तमानपत्रात गुंडाळत, आणि दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात गाडीतच, अर्थात शेजारच्या सीटवर बसून, वाचत. साडूच्या चाहत्यांनी त्याला वाचला असेल त्याच्या दसपट मास्तरांनी वाचला होता. चाहता तारे बघून पान उलटतो. जळणारा माणूस शब्द न् शब्द बघतो, गाळलेलेही बघतो.

एवढ्या वाचनातून, स्पोर्ट्‌स गाडीच्या परीक्षणावर किती विश्वास टाकावा याचं एक शास्त्र त्यांच्याकडे आपोआप तयार झालं होतं. ब्रेकबद्दलचं सगळं खरं मानावं, कारण तिथे थाप मारणारा माणूस पुढच्या अंकापर्यंत टिकत नाही. आवाजाबद्दलचं निम्मं मानावं. ‘गाडीला स्वभाव आहे’ असं आलं की ती गॅरेजात बरीच राहते. ‘चालकाकडून काही मागते’ म्हणजे कंबर मागते. लेखात डोंगर, दरी आणि संधिप्रकाश फार असेल तर कंपनीने जेवण चांगलं दिलं होतं. आणि तारे साडेचार असतील तर तो कापलेला अर्धा नीट तपासावा. तो नेहमी सामान ठेवायच्या जागेसाठी कापलेला असतो. दोन सीटच्या गाडीत सामानाला जागा नाही हा शोध लावून परीक्षक आपला निःपक्षपातीपणा सिद्ध करतो, आणि उरलेले साडेचार बिनघोर वाटून टाकतो.

शिवाय एक गोष्ट मास्तर कधी विसरत नसत. परीक्षणाची गाडी धुऊन-पुसून, टाकी भरून दारात येते आणि सोमवारी परत जाते. साडूच्या इमारतीखाली दर आठवड्याला नवी गाडी दिसे. वॉचमनचा समज होता की हे साहेब गाड्यांचे व्यापारी आहेत. साडूची स्वतःची गाडी मात्र मागच्या बाजूला खोळीखाली असे. ती मास्तरांच्या स्कूलच्या गाडीची जुळी बहीण होती, फक्त तिला पेडलं कमी होती. मास्तरांना या खोळीचं फार समाधान वाटे. पण ते समाधान आठवडाभरही टिकत नसे, कारण तेवढ्यात पुढची गाडी येई.

त्या रविवारी सगळे नानांकडे जेवायला जमले होते. नाना म्हणजे सासरे. दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. खाली बंद दवाखाना, वर घर. जिना चढताना ते मध्ये दोनदा थांबत आणि विचारलं तर म्हणत, “खिडकीतून काय दिसतं ते बघतोय.” जिन्याला खिडकी नव्हती. दातांच्या खुर्चीशेजारी उभं राहून सगळी डॉक्टरकी झाली. उजवा पाय ड्रिलच्या पेडलवर, अंगाचा भार डाव्यावर. त्या डाव्या गुडघ्याने आता हिशेब मागायला सुरुवात केली होती. पण नानांसमोर गुडघा हा शब्द काढायची सोय नव्हती.

जेवण संपता संपता नानांनी जाहीर केलं, “मी गाडी घेतोय. दोन सीटची.”

“दोन सीटची म्हणजे? बाकीच्या कुठे गेल्या?” मोठी मुलगी, म्हणजे मास्तरांची बायको, म्हणाली.

“बाकीच्या नकोतच. आयुष्यभर लोकांना म्हणत आलो, आ करा, आ करा. आता लोकांनी मला बघून आपणहून आ करावा.” आणि त्यांनी खिशातून मासिकाची घडी घातलेली पानं काढून टेबलावर पसरली. “हे वाचूनच ठरवलं. आपल्या धाकट्यांनी साडेचार तारे दिलेत. चार पानं लिहिलंय. काय लिहिलंय! ‘ही गाडी वळणावर वळत नाही, वळण तिच्याकडे येतं.’ वा!”

धाकटी मुलगी नवऱ्याकडे अभिमानाने बघत होती आणि वडिलांकडे काळजीने, त्यामुळे तिची मान सारखी फिरत होती. “नाना, पण या वयात...”

“वय कोणाचं? गाडीचं? नवी कोरी आहे.”

साडू पाण्याचा ग्लास बघत होता. सासऱ्याने चारचौघांत वाक्य पाठ म्हणून दाखवलं तर लेखक फुलतो. हा फुलला नाही. मास्तरांनी ते टिपलं. त्यांनी ती चार पानं सात वेळा वाचली होती आणि पहिल्याच वाचनात त्यांना एक गोष्ट खटकली होती: त्यात क्लच नव्हता. सीटवर अर्धं पान होतं, दाराच्या आवाजावर दोन वाक्यं होती, कप ठेवायच्या खाचेवर एक विनोद होता. क्लचवर एक अक्षर नाही. ज्याने क्लचपायी दोनदा परीक्षा गमावली, तो क्लच विसरेल?

“क्लच कसा आहे हो तिचा?” मास्तरांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

साडूने चष्मा वर ढकलला. “क्लच... क्लचसारखाच आहे.”

टेबलावर हशा पिकला. “मास्तर, तुम्ही ना,” नाना डोळे पुसत म्हणाले, “उद्या स्वर्गात गेलात तरी पहिल्यांदा विचाराल, हँडब्रेक कुठाय?” बायकोने टेबलाखालून मास्तरांच्या पायावर पाय दिला. मास्तरांचा पाय नेहमीप्रमाणे आधीच जमिनीत रुतलेला होता, त्यामुळे तिला तो चांगला सापडला.

घरी जाताना ती म्हणाली, “काय गरज होती? सगळ्यांना कळतं, तुम्हाला त्यांचं बघवत नाही ते.”

“क्लचचं विचारलं फक्त.”

“तेच. माणसं क्लच विचारतात तेव्हा क्लचच विचारत नसतात.”

ते खरं होतं.

शोरूममध्ये शनिवारी चौघे गेले: नाना, दोन जावई आणि हौसेने आलेली धाकटी मुलगी. गुळगुळीत फरशीवर करड्या रंगाची ती गाडी अशी बसली होती की तिच्यासमोर उभं राहिल्यावर आपलीच उंची जास्त झाल्यासारखी वाटावी. टाय लावलेल्या विक्रेत्याने साडूला ओळखलं आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला. “सर, तुमचा लेख आम्ही फ्रेम केलाय.” खरंच केला होता, कॉफीच्या यंत्राच्या वर. साडूने फ्रेमकडे पाठ केली.

तशीच एक गाडी चालवून बघण्यासाठी बाहेर उभी होती. नाना चावी हातात घेऊन म्हणाले, “आता माझ्या शेजारी कोण बसणार?”

विक्रेत्याने नियमाप्रमाणे आपलं नाव सुचवलं. नानांनी त्याच्याकडे कवळी न बसलेल्या रोग्याकडे बघावं तसं बघितलं, आणि तो मागे सरला. सीट एकच उरली आणि जावई दोन होते. मास्तरांनी नजर फुटपाथकडे वळवली. ज्याने वळणांना बोलावणं धाडलं तोच बसणार, यात विचारण्यासारखं काय होतं?

“मास्तर, चला तुम्ही,” नाना म्हणाले. “नुसतं शेजारी बसण्यात तुमचा हात कोण धरणार!”

हा मान होता की चिमटा, हे मास्तरांना ठरवता आलं नाही. तरी ते बसले. बसले म्हणजे आधी वाकले, मग घसरले, आणि शेवटी सीटने त्यांना पकडलं. सीट उत्तम होती. साडूने लिहिलं होतं, ‘पाठीवर कोणी हात ठेवावा तशी सीट.’ कोणी खरोखरच हात ठेवला होता. गाडी सुरू झाली आणि तिचा आवाज छातीत आला. तेही लिहिलं होतं. मोकळ्या रस्त्यावर नानांनी जोर दिला, पहिलं मोठं वळण आलं, आणि मास्तरांना मान्य करावं लागलं की ते वळण खरंच आपण होऊन चालत आलं. साडूचं एकेक वाक्य रस्त्याच्या कडेला उभं राहून हात करत होतं. आपल्या शास्त्रातली एकूण एक वजावट चुकीची ठरताना बघणं मास्तरांना फार जड गेलं. नाना मात्र सत्तरीतून पंचविशीत उतरले होते. “बघताय ना? अं? बघताय ना?” एवढंच ते म्हणत होते.

मग उड्डाणपूल आला.

पुलाच्या चढावरच सिग्नल लागतो. गर्दीची वेळ, गाडीला गाडी चिकटलेली. गाड्या एकेक हात पुढे सरकत होत्या. नाना थांबत होते, क्लच दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते. चौथ्या-पाचव्या वेळी त्यांचं बोलणं थांबलं. मास्तरांनी खाली पाहिलं. नानांची डावी मांडी पँटच्या आत थरथरत होती, आत कोणी शिवणयंत्र चालवत असल्यासारखी. क्लचचं पेडल दाबायला त्यांना सीटला पाठ रेटावी लागत होती. पुढची गाडी हलली, नानांनी पाय उचलला तो एकदम सुटला, इंजिन आचका देऊन बंद पडलं, आणि गाडी मागे घरंगळू लागली. मागे एक व्हॅन होती. तिच्यात शाळेतून परतणारी मुलं होती.

मास्तरांचा उजवा पाय विजेसारखा जमिनीत गेला. तिथे नुसता गालिचा होता. एवढ्या वर्षांत आपल्या बाजूला ब्रेक नसताना चढावर सुटलेल्या गाडीत ते पहिल्यांदाच बसले होते. पण हात पायाच्या आधी पोचला होता. त्यांनी हँडब्रेक असा खेचला की गाडी कण्हली आणि थांबली. मागच्या व्हॅनचा हॉर्न बराच वेळ वाजत राहिला.

नाना रस्त्याकडे बघत म्हणाले, “मी थांबवतच होतो.”

“हो.”

“सवय जात नाही तुमची.”

“नाही जात,” मास्तर म्हणाले. नानांचा दुसरा पाय ब्रेकपर्यंत पोचलाच नव्हता, हे त्यांनी पाहिलं होतं.

शोरूमच्या दारात पोचल्यावर नानांना गाडीतून उठता येईना. साडूने दोन्ही हात देऊन त्यांना वर ओढलं. मग मास्तरांना ओढलं. साडूच्या हाताने उभं राहावं लागणं हा त्या दिवसातला आणखी एक प्रसंग.

तोवर नाना सावरले होते आणि मुलीला, विक्रेत्याला, कॉफी घेऊन आलेल्या बाईला किस्सा सांगत होते. “अगं, काय गाडी आहे! आणि हे आमचे ब्रेक मास्तर! पुलावर एवढीशी मागे सरकली तर घाबरून हँडब्रेकच उपटला! म्हटलं, अहो, चाळीस वर्षं पायाने ड्रिल चालवलंय, माझ्या पायाने कोणाची जीभ नाही कापली अजून. मला पेडल शिकवता?”

मेहुणी तोंडावर रुमाल धरून हसली. “भाऊजी, तुमचा जीव गेला असेल हो!”

विक्रेत्याने पेन काढलं.

मास्तरांना आता काय करायचं ते स्वच्छ दिसत होतं, आणि ते आपल्याला करता येणार नाही हेही. पुढे होऊन म्हणायचं, नाना, घेऊ नका, तुमच्या पायाला हा क्लच झेपत नाही, आज मागे मुलं होती. आणि मग सगळे एकमेकांकडे बघून काय म्हणणार, हे त्यांनी मनातल्या मनात आधीच ऐकलं: साडूने चांगली म्हटली ना, मग यांना वाईट म्हणायलाच हवी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या जळण्याचं आणि खऱ्याचं म्हणणं एकच निघालं होतं, आणि म्हणूनच ते खरं बाद होणार होतं.

त्यांनी साडूचा दंड धरला आणि त्याला टायरच्या मांडणीमागे नेलं.

“क्लच,” ते म्हणाले.

“काय मास्तर, पुन्हा तेच...”

“तू ही गाडी चालवली नाहीस.”

साडूने चष्म्याला हात लावला. मग काढला, पुसला, पुन्हा घातला. “हळू बोला.”

“चार पानं लिहिलीस. गाडी धावते, गाडी वळते, गाडी थांबते. ‘मी’ कुठेच नाही. बाकीच्या लेखांत ओळीला तीनदा असतो तुझा ‘मी’.”

“तुम्ही एवढं वाचता माझं?”

“ते सोड.”

साडूने टायरच्या नक्षीत बोट घातलं. “दोनच गाड्या आणल्या होत्या कंपनीने आम्हा सगळ्या परीक्षकांत. एका जणाने सकाळीच ट्रॅकच्या कुंपणात घातली. मग कंपनी म्हणाली, गाडी आमचा माणूस चालवेल, तुम्ही शेजारी बसा. प्रत्येकी दोन फेऱ्या. दुपारी जेवण, संध्याकाळी विमान. परत येऊन काय सांगू संपादकाला? अंकात माझ्यासाठी पानं रिकामी सोडलेली होती. म्हणून शेजारून जे कळतं तेवढंच लिहिलं. खोटं एक अक्षर नाही, मास्तर. देवाशप्पथ.”

मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. ज्या क्षणाची त्यांनी एवढी वर्षं वाट पाहिली होती तो हाच. साडू टायरमागे उभा होता आणि दोर त्यांच्या हातात होता. पण त्यांच्या डोक्यात भलतंच आलं. शेजारच्या सीटवर हा दोन फेऱ्या बसला, आणि पाठीवरचा हात याला दिसला, चालत येणारं वळण याला दिसलं. आपण जन्मभर त्याच सीटवर बसलो, आणि आपल्याला ब्रेक दिसला. इतके दिवस ते याच्या गाड्यांवर जळत होते. आता लिहिण्यावरही जळायला लागले. एकाच दुपारी हेवा दुप्पट झाला.

“नानांना सांगणार?” साडूने विचारलं. त्याचा आवाज शिकवणीत क्लच सोडायच्या वेळी व्हायचा तसा झाला होता.

“त्यांचा पाय थरथरत होता,” मास्तर म्हणाले. “डावा. चढावर गाडी सुटली. मागे शाळेची व्हॅन होती. मी हँडब्रेक ओढला म्हणून. ते पेडल दाबायला मलाही जोर लावावा लागेल, इतकं जड आहे. नानांनी ही घेतली तर कधीतरी मी शेजारी नसेन.”

साडू पांढरा पडला. “मग सांगा ना त्यांना! आत्ता सांगा, तो पेन घेऊन उभाय.”

“माझं कोण ऐकतंय?”

“अहो, तुम्ही एवढे...”

“मी वाईट म्हटलं की चांगलीच असणार, असं आहे तुमच्या घरात. तू सांग. तुझं ऐकतील.”

“आणि ते... शेजारच्या सीटचं?”

“ते माझ्याजवळ राहील,” मास्तर म्हणाले, आणि लगेच त्यांना वाटलं की आपण फार स्वस्तात दिलं.

साडू टायरमागून निघाला तेव्हा मास्तरांची खात्री होती की हा आता गडबडणार. तो नानांसमोर जाऊन उभा राहिला. त्याने चष्मा वर ढकलला. मग म्हणाला, “नाना, माझं एक चुकलं. लेखात एक गोष्ट राहिली. ही डाव्या पायाची गाडी आहे.”

“म्हणजे?”

“हिचं सगळं कसब डाव्या पायात आहे. क्लच फार जड. शहरात माणूस डाव्या पायानेच थकतो. आणि तुमचा पाय कोणता? उजवा. चाळीस वर्षांचा हात, म्हणजे पाय, बसलाय त्या उजव्याला. दाताच्या मुळापर्यंत जायचं आणि नसेला धक्का नाही लावायचा, एवढा बारीक दाब आहे तुमच्या पंजात. असा पाय या गाडीत नुसता बसून राहणार? तुम्हाला क्लच नसलेली गाडी पाहिजे, नाना. सगळा खेळ उजव्या पायाचा. तीसुद्धा मी चालवलीय, दोन सीटचीच. ही तुमच्या लायकीची नाही.”

नाना आपल्या उजव्या बुटाकडे बघत राहिले. त्याची ओळख त्यांना नव्याने झाल्यासारखी दिसत होती. मग त्यांनी विक्रेत्याच्या हातातलं पेन हळूच बाजूला सारलं.

“पाहिलंत मास्तर?” ते म्हणाले. “याला म्हणतात सल्ला. स्वतःच्या लेखाच्या विरुद्ध बोलला माणूस. एवढं मन मोठं लागतं. नाहीतर आपण! हँडब्रेक ओढायचा की झालं.”

मेहुणीने नवऱ्याचा दंड धरला. नानांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, मग दुसरी मारली. मास्तरांनी कॉफी संपवली. ती गार झाली होती, पण तोंडात काहीतरी असणं गरजेचं होतं. थरथरणारी मांडी त्यांनी पाहिली होती, गाडी त्यांनी थांबवली होती, क्लच हा शब्दही त्यांनीच पुरवला होता. साडूने तो फक्त उजव्या पायाच्या कौतुकात घातला होता. आणि तसं घालणं आपल्याला सात जन्मांत जमलं नसतं, हे कळण्याइतके ते चांगले वाचक होते, हीच अडचण होती.

घरी बायकोने विचारलं, “काय झालं?”

“नाही घेतली. धाकट्यांनी नको म्हटलं.”

ती भांडी पुसत होती. “त्यांनी? स्वतःच तारे देऊन?”

“क्लच जड आहे म्हणाले.”

तिने ताट खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. “त्यांना कुठून आठवला क्लच?”

“आठवला असेल.”

“अहो.”

“म्हटलं ना, आठवला असेल.”

आपल्याला समजलंय हे तिने त्यांना दिसू दिलं, आणि ती पुन्हा ताटं पुसू लागली. मास्तरांना त्याने बरं वाटायला हवं होतं. पण बायकोला कळणं वेगळं. त्यांना ते नानांना कळायला हवं होतं.

नानांचा फोन पुढच्या गुरुवारी आला, दुपारी, दोन शिकवण्यांच्या मध्ये. मास्तर गाडीत बसले होते. नानांनी आजवर त्यांना फोन केला होता तो मुलगी उचलत नाही म्हणून.

“मास्तर, ती क्लच नसलेली बघून आलो. धाकटे म्हणतात, डोळे झाकून घ्या. लेखही दाखवला जुना. पण म्हटलं, एकदा तुम्हाला विचारावं. तुम्हाला काय वाटतं?”

मास्तर सरळ होऊन बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात हा प्रश्न त्या घरातून त्यांना पहिल्यांदा आला होता. आणि त्या गाडीचा लेख त्यांना पाठ होता. चार तारे. एक तारा कापला होता तोही सामानाच्या जागेसाठी नव्हे. मागचं काही दिसत नाही म्हणून, आणि ते बरोबर होतं. त्या लेखात ‘मी’ ओळीला तीनदा होता. साडूने ती गाडी खरोखर चालवली होती, पावसात, गर्दीत, आठवडाभर. मास्तरांनी त्यात चूक शोधण्यासाठी एक अख्खी दुपार घातली होती आणि त्यांना ती सापडली नव्हती. आता पुन्हा शोधली. नाना फोनवर श्वास घेत होते.

“मास्तर?”

“बरोबर सांगितलंय त्यांनी,” मास्तर म्हणाले. “घ्या. मागे घेताना तेवढं जपा.”

“झालं तर मग!” नाना खुशीत म्हणाले. “धाकट्यांनी चांगलं म्हणणं ठीक आहे. पण तुम्हीसुद्धा चांगलं म्हणताय म्हणजे त्यात काही खोट असणंच शक्य नाही.”

नानांनी फोन ठेवला. मास्तर तो कानाला तसाच धरून बसले. पुढची शिकवणी असलेली बाई काचेवर टकटक करत होती; तिला आज चढ शिकायचा होता. त्यांनी तिच्यासाठी दार उघडलं. नानांचं ते वाक्य मानाचं होतं की अपमानाचं, हे ठरवणं त्यांनी संध्याकाळवर टाकलं.